फोन ठेवण्याचा अधिकार

2004 सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामध्ये ऐकल्या जाणाऱ्या एका रेडिओ कार्यक्रमाच्या निवेदकाने ऑर्डर घेणाऱ्या क्रमांकावर फोन लावला. केसांत मणी ओवायचं एक खेळणं मागवायचं आहे, असं त्याने सांगितलं. फोन घेणारी मुलगी भारतात बसलेली होती. ते लक्षात येताच त्याने तिला उंदीर खाणारी म्हणून हिणवलं, अर्वाच्य शिव्या दिल्या, धमकावलं. हे सारं विनोद म्हणून प्रसारित झालं. तिथल्या दक्षिण आशियाई लोकांनी निषेध केला, तेव्हा माफी मागितली गेली. ही घटना जगाला कळली त्याचं कारण एकच, शिव्या देणाऱ्यानेच ती सगळ्यांना ऐकवली. एरवी असे कॉल ‘ट्रेनिंग आणि क्वालिटी’साठी रेकॉर्ड होतात, सर्व्हरवर राहतात आणि काही महिन्यांनी पुसले जातात.

परदेशी ग्राहकांची कामं करणाऱ्या भारतीय कॉल सेंटरांना आता पाव शतकाहून अधिक काळ झाला. एवढ्या काळात या नोकरीतल्या वांशिक अपमानाबद्दल बोलताना आपण बहुधा तापट गिऱ्हाईक, परदेशी माणसाचा उद्धटपणा, रात्रपाळीचा ताण असे शब्द वापरत आलो. मला हे निदान अपुरं वाटतं. फोनवरचा माणूस शिवी देतो हा त्याचा दोष आहेच. पण ती शिवी ऐकून घेणं हा कामाचा भाग कुणी ठरवला, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर करारांत, गुणपत्रकांत आणि प्रशिक्षणाच्या वर्गांत सापडतं.

सुरुवात नव्वदच्या दशकात झाली. ब्रिटिश एअरवेजने 1996 मध्ये मुंबईत बॅक-ऑफिसच्या कामांसाठी एक कंपनी काढली, तीच पुढची डब्ल्यूएनएस. जीई कॅपिटलने 1997 मध्ये गुरगावात आपलं केंद्र उभं केलं, त्यातून पुढे जेनपॅक्ट झाली. 1999 च्या दूरसंचार धोरणानंतर परदेशी फोन जोडणं स्वस्त आणि सोपं झालं आणि मालाडच्या माइंडस्पेसपासून ऐरोलीपर्यंत, पुण्यात मगरपट्ट्यापासून खराडीपर्यंत काचेच्या इमारती रात्रभर जागू लागल्या. डोंबिवली, कल्याण, पिंपरी, हडपसरची बीए-बीकॉम झालेली मुलं संध्याकाळी पिक-अपच्या गाडीत बसू लागली. इंग्रजी बरं असलं की पुरे, पदवी कसलीही चाले. या नोकरीने कित्येक घरांचे हप्ते फेडले, बहिणींची शिक्षणं केली, मुलींना स्वतःच्या कमाईवर उभं केलं. टीका करताना हे विसरून चालणार नाही, कारण मुलं अपमान सोसूनही टिकली ती याच गोष्टींसाठी.

पहिल्या दिवसापासून या मुलांना एक गोष्ट शिकवली गेली: तुम्ही जसे आहात तसे ग्राहकाला चालणार नाही. ‘व्हॉइस अँड ॲक्सेंट’च्या वर्गात उच्चार घासून घेतले जात. आपल्याकडे ‘व’ एकच, इंग्रजीत त्याचे दोन, तेव्हा ओठांचा चंबू कधी करायचा आणि खालच्या ओठावर दात कधी टेकवायचे याचा सराव चाले. मातृभाषेची छाप आली की प्रशिक्षक ‘एमटीआय आहे’ असं कागदावर लिहून देत. मग नाव बदलायचं. संतोषचा सॅम व्हायचा, मनीषाची मेलिसा. काही प्रोसेसमध्ये, म्हणजे एकेका क्लायंट कंपनीच्या कामात, तर आपण कुठून बोलतो हेही लपवायचं. अमेरिकेतल्या एखाद्या शहराचं हवामान आणि तिथल्या फुटबॉल संघाचा निकाल शिफ्टच्या आधी पाहून ठेवायचा. समाजशास्त्रज्ञ विनिफ्रेड पोस्टर यांनी 2007 मध्ये या प्रकाराला राष्ट्रीय ओळखीचं व्यवस्थापन म्हटलं. आशिम अहलुवालियांचा ‘जॉन अँड जेन’ हा 2005 चा माहितीपट मुंबईतल्या अशाच तरुणांचा आहे. नाव पाडून घेतलेली ही माणसं दिवसा कशी जगतात ते त्यात दिसतं.

नाव बदलणं हा धंद्याचा साधा भाग आहे, नाटकातल्या पात्रासारखा घ्यावा, असं व्यवस्थापक सांगत. पण यात एक पेच होता. खोटं नाव आणि उसना उच्चार ग्राहकाला लगेच जाणवे. मग तो म्हणे, तुझं नाव सॅम नाही, खरं सांग. इथून पुढे जी शिवीगाळ होई तिचा बोजा पुन्हा एजंटवरच, कारण खोटं तर तोच बोलत होता. कंपनीने लादलेल्या खोट्याची शिक्षा कामगाराने भोगायची अशी ही रचना होती. संशोधक किरण मीरचंदानी यांनी बंगळूर, दिल्ली आणि पुण्यातल्या शंभर मुलाखतींवर ‘फोन क्लोन्स’ हे पुस्तक 2012 मध्ये लिहिलं. समोरच्याला आपला वाटेल असा माणूस फोनवर उभा करणं हेच मुळात मोठे, बिनपगारी श्रम आहेत, हे त्यातून स्पष्ट होतं. वंदना नाथ यांचा 2011 चा लेख थेट वांशिक अपमानावरच आहे. आपलं भारतीयपण हा कलंक असल्यासारखं ते झाकत बसावं लागणं आणि तरीही त्याच कारणाने शिव्या खाव्या लागणं, या दुहेरी ताणाची मांडणी त्यांनी केली.

एक कॉल जवळून पाहू. हेडसेटमध्ये ‘बीप’ वाजते, पडद्यावर ग्राहकाचं खातं उघडतं आणि कोपऱ्यातलं घड्याळ धावू लागतं. ठरलेलं स्वागत म्हणून होतं. पलीकडे क्षणभर शांतता, मग प्रश्न: ‘तू कुठून बोलतोस?’ या प्रश्नाचं उत्तर प्रोसेसच्या नियमांप्रमाणे द्यायचं. उत्तर कळलं की काही जण नुसते म्हणतात, मला माझ्या देशातला माणूस दे. काही जण मुद्दाम उच्चाराची नक्कल करतात. काही जण नोकऱ्या चोरल्याचा हिशेब मागतात, काही देवांवर, अन्नावर, रंगावर घसरतात. ब्रिटनच्या कॉलवर ‘पाकी’ ही शिवी येते, मग एजंट सोलापूरचा असो नाहीतर शिलाँगचा. इकडे एजंटचा हात ‘म्यूट’च्या बटणावर जातो. दोन सेकंद तो मराठीत मनातलं बोलून घेतो, बटण सोडतो आणि म्हणतो, ‘आपल्या अडचणीबद्दल मला खेद वाटतो.’

त्याला फोन ठेवता येत नाही. आपण होऊन कॉल तोडणं म्हणजे ‘कॉल अव्हॉयडन्स’, आणि बऱ्याच फ्लोअरवर ते ‘झेडटीपी’मध्ये, म्हणजे अजिबात माफी नसलेल्या चुकांत, धरलं जातं. थेट नोकरीवर बेतू शकतं. जिथे थोडी सवलत आहे तिथे आधी ताकीद द्यायची, पुन्हा द्यायची, मग टीम लीडरला विचारायचं, आणि टीएल दुसऱ्या कॉलवर असला तर वाट पाहायची. त्या वेळात शिव्या चालूच. शिवाय एएचटी, म्हणजे दर कॉलला लागणारा सरासरी वेळ, वाढत राहतो. कॉल तोडलाच, तर क्यूएवाला, म्हणजे दर्जा तपासणारा, रेकॉर्डिंग ऐकून गुण देतो. शिवी ऐकल्यानंतर एजंटचा आवाज कोरडा पडला का, हे तो तपासतो. ग्राहकाच्या शिवीसाठी त्या कागदावर रकाना नसतो.

आणि सर्वांत वाईट गोष्ट कॉल संपल्यावर होते. ग्राहकाला छोटी पाहणी पाठवली जाते: सेवा कशी वाटली, एक ते पाच गुण द्या. ज्याला भारतीय आवाजच नको असतो तो प्रश्न सुटला तरी एक देतो. हा ‘डीसॅट’, म्हणजे असमाधानाचा शेरा, एजंटच्या खात्यात पडतो, महिन्याचा इन्सेन्टिव्ह त्यावर ठरतो, बढतीच्या यादीत त्याचा विचार होतो. म्हणजे हजारो मैलांवरच्या माणसाचा वर्णद्वेष एका आकड्यातून गाळून निघतो आणि पुण्याच्या मुलीच्या पगाराच्या चिठ्ठीवर येऊन बसतो. मधल्या कुणालाच वर्णद्वेष करावा लागत नाही. टीएल फक्त आकडा वाचतो, मॅनेजर तक्ता भरतो, क्लायंट बिलात दंड लावतो. भेदभावाचं इतकं स्वच्छ यंत्र मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेलं नाही. या विषयावरच्या चर्चेत शिव्यांना भरपूर जागा मिळते आणि या आकड्याला जवळजवळ नाही. माझ्या मते नुकसान आकड्याने जास्त केलं.

मग या मुलांनी आवाज का उठवला नाही? प्रेमिला डिक्रूझ आणि अर्नेस्टो नोरोन्हा यांनी मुंबई आणि बंगळूरच्या एजंटांचा अभ्यास केला. कंपन्यांनी या मुलांच्या मनात ‘आपण प्रोफेशनल आहोत’ ही प्रतिमा खोल रुजवली होती, असं त्यांच्या 2009 च्या लेखातून दिसतं. प्रोफेशनल माणूस मनाला लावून घेत नाही, युनियन करत नाही, आकड्यांवर रुसत नाही. अपमान गिळणं हीच लायकीची खूण झाली. घरीही हे सांगता येईना, कारण इंग्रजीत बोलणारा मुलगा, एसी ऑफिस, दारात गाडी असं चित्र सोसायटीत आधीच पसरलेलं. 2005 मध्ये बीपीओ कामगारांसाठी युनाइट्स ही संघटना निघाली. पुण्यात अलीकडे नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कामाला लागली आहे. पण अशा संघटनांचा बहुतेक जोर कपात, थकलेला पगार, नोटीस पीरियड यांवरच खर्ची पडतो. ते साहजिक आहे. ज्याची नोकरीच जाते आहे त्याच्यासमोर शिवीचा मुद्दा काढायला वेळ कुणाला?

पलीकडच्या बाजूचंही नीट ऐकलं पाहिजे. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांचं दुःख खरं होतं. तिथल्या लहान गावांत कॉल सेंटर हीच बरी पगारी नोकरी असे. 2003 मध्ये डेल कंपनीने तक्रारींनंतर ग्राहक असलेल्या मोठ्या कंपन्यांचे फोन बंगळूरहून परत अमेरिकेत नेले. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटर जॉन केरी यांनी एजंटने कॉलच्या सुरुवातीलाच ठिकाण सांगावं असं विधेयक आणलं. 2011 मध्ये सँटँडर बँकेने बंगळूर आणि पुण्यातली कामं ब्रिटनमध्ये हलवली. 2025 च्या जुलैमध्ये अमेरिकी सिनेटमध्ये दोन्ही पक्षांच्या एकेका सदस्याने मिळून पुन्हा तसंच विधेयक मांडलं. त्यात आता समोर यंत्र बोलतंय का हेही सांगण्याची अट आहे आणि मागितल्यास अमेरिकेतला माणूस देण्याची. ठिकाण जाणून घेण्याचा ग्राहकाला हक्क असावा, याला माझा विरोध नाही. लपवाछपवी संपली तर सॅम पुन्हा संतोष होईल, हे चांगलंच. पण दर निवडणुकीत पुढारी जेव्हा या नोकऱ्यांना चोरीचा माल म्हणतात, तेव्हा तो राग कंपनीच्या संचालक मंडळापर्यंत पोचत नाही. तो पहिल्यांदा ज्याच्या हातात हेडसेट आहे त्याच्यावर कोसळतो. नोकरी हलवण्याचा निर्णय ज्याने घेतला त्याचा नंबर कुठल्याच बिलावर छापलेला नसतो.

या रागाला आपल्याकडून खतपाणी मिळालं, हेही लिहायला हवं. 2016 च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या करखात्यातून बोलतोय असं सांगून, अटकेची भीती घालून, म्हाताऱ्या माणसांना गिफ्ट कार्डं विकत घ्यायला लावायची आणि त्यांचे क्रमांक काढून घ्यायचे, असा तो धंदा होता. 700 हून अधिक जणांची चौकशी झाली, सुमारे 70 जणांना अटक झाली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्यायखात्यानेही मोठं आरोपपत्र जाहीर केलं. तेव्हापासून भारतीय उच्चार म्हणजे ठग, हे समीकरण तिकडे घट्ट बसलं. फसवल्या गेलेल्या वृद्धांबद्दल मला कळवळा वाटतो, आणि त्या टोळ्यांना शिक्षा झाली पाहिजे. पण मीरा रोडच्या टोळीचा जाब मालाडच्या बँक प्रोसेसमधल्या मुलीला विचारणं, हाच तर वंशभेद आहे: एकाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यासारखा आवाज असलेल्या सगळ्यांना दोषी धरणं.

आपल्या घरातही डोकावावं लागेल. इंग्रजी उच्चार चांगले म्हणून ईशान्येकडच्या तरुणांना या धंद्यात आवर्जून घेतलं गेलं. त्यांना रात्री फोनवर परदेशी माणसाकडून आणि दिवसा रस्त्यावर, घरमालकाकडून, दुकानात आपल्याच लोकांकडून हिणवलं गेलं. 2014 मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. तिच्या अहवालात कायद्याने हे प्रकार रोखण्याच्या शिफारशी आहेत. स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही.

कायद्याकडे वळलं की या कामगाराचं एकाकीपण पुरतं कळतं. अमेरिकेत 1964 चा नागरी हक्क कायदा आहे. कामावर ग्राहकाने वंशावरून छळ केला आणि माहीत असून मालक गप्प बसला, तर तिथे मालकाला जबाबदार धरता येतं. पण देशाबाहेर हा कायदा अमेरिकी नागरिकांपुरताच पोचतो. खराडीत बसून अमेरिकी बँकेचे फोन घेणाऱ्या भारतीयाला त्याचा उपयोग नाही. ब्रिटनच्या 2010 च्या समता कायद्यात बाहेरच्या माणसाने केलेल्या छळाबद्दल मालकाला जबाबदार धरणारं कलम होतं, ते 2013 मध्ये काढून टाकलं गेलं. भारतात राज्यघटनेचं पंधरावं कलम वंशावरून भेद करायला बंदी घालतं, पण त्याचा रोख मुख्यतः शासनाकडे आहे. खासगी नोकरीतल्या सर्व प्रकारच्या भेदभावाविरुद्ध एकच असा कायदा आपल्याकडे नाही. फोनवरचा अपमान अमेरिकेत घडतो की पुण्यात, हेही कुणी ठरवलेलं नाही.

आपल्याच कायद्यात यावरची वाट मात्र दिसते. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं एकोणिसावं कलम सांगतं की कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासूनही सुरक्षित वातावरण देणं ही मालकाची जबाबदारी आहे. म्हणजे बाहेरच्या माणसाच्या वागण्याबद्दल मालकाला जाब विचारण्याचं तत्त्व आपण स्वीकारलेलं आहे. बाईला ग्राहकाने अश्लील बोलू नये, हे पाहणं मालकाचं कर्तव्य होऊ शकतं, तर तिला तिच्या रंगावरून, देशावरून बोलू नये हेही होऊ शकतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2019 चा 190 क्रमांकाचा करार कामाच्या जागच्या हिंसा-छळाबद्दल आहे. बाहेरची माणसं त्याच्या विचारात येतात आणि फोन-संगणकावरून होणारा छळही त्याच्या कक्षेत येतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. दिली तर बरंच पुढे सरकेल.

दक्षिण कोरियाने हे करून दाखवलं आहे. 2018 च्या ऑक्टोबरपासून तिथे ग्राहकांशी बोलणाऱ्या कामगारांचं मन सांभाळणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. शिवीगाळ झाली तर काम थांबवून विश्रांती द्यायची, आणि कामगाराने ती मागितली म्हणून त्याच्यावर राग काढायचा नाही. फोन जोडण्याआधी तसा इशारा ऐकवला जातो. त्याआधी एका कंपनीने एक प्रयोग केला होता: फोन जोडला जाईपर्यंत ग्राहकाला एजंटच्या घरच्यांचा आवाज ऐकू येई, आता तुमच्याशी माझी आई बोलणार आहे. टोकियोनेही 2025 च्या एप्रिलपासून ग्राहकांच्या छळाविरुद्ध नियम लागू केला, जरी त्यात दंडाची तरतूद नाही.

आपल्याकडे मात्र उत्तर म्हणून सॉफ्टवेअर आलं आहे. 2020 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या सानास या कंपनीचं तंत्र बोलणाऱ्याचा उच्चार जागच्या जागी बदलतं. एजंट बोलतो आपल्या उच्चारात, ग्राहकाला ऐकू येतो तिकडच्या धाटणीतला आवाज. टेलिपरफॉर्मन्स ही फ्रेंच कंपनी भारतातल्या एजंटांसाठी ते वापरते आहे, हे 2025 मध्ये समोर आलं. यामुळे शिव्या कमी होतात, असं सांगितलं जातं, आणि काही एजंटांना हायसं वाटतही असेल. त्यांना मी दोष देणार नाही. जपानच्या सॉफ्टबँकेने 2024 मध्ये नेमकी उलटी कल्पना मांडली: संतापलेल्या ग्राहकाचा आवाज शांत करून एजंटच्या कानापर्यंत पोचवायचा. दोन्हींत मला दिसतो तो एकच फरक, पण तो मोठा आहे. जपानी यंत्र कामगाराला वाचवायला बनलं, आपल्याकडचं यंत्र ग्राहकाला त्याच्या पूर्वग्रहासह सुखात ठेवायला. व्हॉइस अँड ॲक्सेंटच्या वर्गाचं उरलेलं काम आता संगणक करतो.

आवाजी कामांतला मोठा हिस्सा 2010 च्या सुमारास फिलिपाइन्सकडे गेला, तरी आज आयटी आणि बीपीएम, म्हणजे व्यवसाय-प्रक्रियांची कामं, मिळून आपल्याकडे 50 लाखांहून अधिक माणसं काम करतात आणि या क्षेत्रातल्या भारतीय कंपन्या आता कुणाच्या दयेवर नाहीत. क्लायंटशी सेवेचा करार होतो तेव्हा कॉल किती सेकंदांत उचलायचा, किती मिनिटांत संपवायचा, चूक झाल्यास किती दंड, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्याच कागदावर आणखी तीन ओळी बसू शकतात. वांशिक शिवीनंतर एकदा ताकीद देऊन एजंटने फोन ठेवला तर ती चूक धरली जाणार नाही. अशा कॉलचा डीसॅट मोजला जाणार नाही. आणि त्या कॉलनंतर एजंटला दहा मिनिटं फ्लोअरवरून उठता येईल, ती मिनिटं त्याच्या ब्रेकमधून कापली जाणार नाहीत. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी या ओळी मागणारी पहिली भारतीय कंपनी कोणती असेल, याकडे मी लक्ष ठेवून आहे.